रिकाम्या हातांची भीती आणि आठवड्याचे १६८ तास

पत्र: ‘मी ५४ वर्षांची, पुण्यात एका ट्रस्टच्या रुग्णालयात नर्स आहे. ड्यूटी फिरती. घरी नवरा, नोकरीला लागलेला मुलगा, शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी आणि माझी ८१ वर्षांची आई. आईला विस्मरणाचा आजार आहे. चर्चच्या मंडळीत मी महिला मंडळाची सेक्रेटरी, गायनवृंदात आहे, संडे स्कूलला लहान मुलांचा वर्ग घेते, गुरुवारी कोणाच्या तरी घरी होणारी कॉटेज प्रार्थना, शनिवारी उपवास-प्रार्थना. जूनमध्ये आमच्या वॉर्डातली ५१ वर्षांची सिस्टर अचानक गेली. तेव्हापासून वाटतं, उद्या मला बोलावणं आलं तर प्रभूसमोर रिकाम्या हातांनी उभी राहीन. प्रार्थनेला बसले की डोळा लागतो. पाळकसाहेब म्हणतात पहाटे चारला उठा. देवाला द्यायचा वेळ आईचं करण्यात जातो आणि मग तिच्यावरच चिडचिड होते. निवृत्तीला अजून चार वर्षं आहेत, पण आत्ताच नोकरी सोडून पूर्ण वेळ सेवेला लागू का?’ – एक भगिनी, पुणे

प्रिय भगिनी, सलाम.

कामं तुम्ही सगळी लिहिलीत, तास लिहिले नाहीत. तर आधी तासच मांडू. आकडे अंदाजाने धरलेत, तुमचे तुम्ही दुरुस्त करून घ्या.

आठवड्याचे तास १६८. ड्यूटी ४८, जाण्यायेण्याचे ९. रोजची झोप सात तास धरली तर ४९. स्वयंपाक आणि घर रोज तीन तास म्हणजे २१, आईचं करणं तेवढंच, आणखी २१. तुमची स्वतःची अंघोळ, जेवण, चहा मिळून १०. झाले १५८, उरले १०. आता मंडळीचं बघा. रविवारची उपासना आणि संडे स्कूल तयारीसह ४, गायनाचा सराव २, महिला मंडळाची सभा २ आणि सेक्रेटरी म्हणून फोन, वह्या, निरोप यांचे आणखी २, गुरुवारचे २, शनिवारचे ३, शिवाय या सगळ्याची ये-जा ३. एकूण १८. दहा तासांत अठरा तासांची कामं बसवायची, तर आठ तास कुठून तरी यायला हवेत, आणि तुमच्या घरात ते झोपेतूनच येत असणार. ४९ वजा ८ म्हणजे ४१, रात्रीला सहा तासही पडत नाहीत. फोनचा वेळ यात धरलेलाच नाही.

तेव्हा प्रार्थनेत डोळा लागतो याचं कारण विश्वास थंडावण्यात शोधू नका. बायबलमधला एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत आडवा झाला तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. खायला दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला दिलं आणि मग होरेबच्या चाळीस दिवसांच्या वाटेचं बोलणं काढलं (१ राजे १९). तुम्ही नर्स आहात. एखादी पेशंट सांगू लागली की रोज सहा तासांहून कमी झोपते आणि दुपारी डोळे मिटतात, तर तुम्ही तिला पहाटे चारचा गजर लावायला सांगाल का?

पहिलं काम हेच की एक आठवडा खरोखर लिहून काढायचा. साध्या वहीत अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ओळी पाडा आणि रोज झोपण्यापूर्वी भरा. रविवारी बसून आठवून भरू नका. आठवून लिहिताना माणूस स्वतःला सवलत देतो, प्रार्थना वाढते आणि फोन घटतो. आठवडा साधा निवडा, नाताळातला किंवा सलग नाईटचा नको. तुमची ड्यूटी-लिस्ट पंधरवड्याने फिरत असेल तर दोन आठवडे लिहा.

‘आम्हाला आमचे दिवस मोजायला शिकव’ ही ९० व्या स्तोत्रातली मागणी आपल्याकडे बहुतेक अंत्यविधीलाच वाचली जाते. स्तोत्राच्या शीर्षकात ती मोशेची प्रार्थना म्हटली आहे. आणि याच मोशेचे दिवस कसे जात होते ते निर्गमच्या १८ व्या अध्यायात आहे: सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्यायनिवाड्याला बसलेला, भोवती लोकांची रांग. सासरा इथ्रो बघायला आला आणि स्पष्ट म्हणाला, हे बरं नाही, तू तर झिजशीलच आणि हे लोकही झिजतील. मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेमायला लावली, आणि अवघड तेवढंच मोशेकडे ठेवलं. मोशे जे करत होता ते देवाचंच काम होतं. तरी त्यातलं बरंचसं त्याच्याकडून काढून घ्यावं लागलं. मंडळीत ज्यांना ‘नाही’ म्हणता येत नाही, त्यांनी हा अध्याय सहा महिन्यांनी एकदा वाचावा असं माझं मत आहे. पाळकांनी तीन महिन्यांनी वाचावा.

आता तुमच्या १८ तासांतलं काय ठेवायचं? प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारा: उद्यापासून मी हे केलं नाही, तर ते दुसरं कोणी करील का? उपासना ठेवायचीच. संडे स्कूलही ठेवा, चार-पाच वर्षांच्या मुलांना दर रविवारी नवी बाई चालत नाही. ज्या रविवारी ड्यूटी असेल त्या रविवारसाठी मात्र एक ठरलेली जोडीदार हवी, आयत्या वेळी शोधलेली नको. गायनवृंदात वर्षभर न जाता नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळापर्यंत जा. चांगला आवाज वर्षभर नसला तरी कॅरलला लागतोच. गुरुवारची कॉटेज प्रार्थना महिन्यातून एकदा तुमच्याच घरी ठेवा आणि बाकीचे गुरुवार सोडा. वेळ संध्याकाळी सातची न ठेवता चारची ठेवा. दिवस मावळला की या आजारातल्या माणसांची घालमेल वाढते हे तुम्ही वॉर्डात पाहिलंच असेल, त्यात घरात दहा माणसं आली तर आई बावचळेल. शनिवारचा उपवास नाईटच्या आठवड्यात करू नका. उपाशीपोटी बारा तास उभं राहून औषधांचे डोस देण्यात कोणाचंच भलं नाही.

सेक्रेटरीपद सोडा. इथे तुम्हाला सगळ्यात जास्त अपराधी वाटेल म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो.

हे पद सोडताना बहुतेक जणी दोनपैकी एक चूक करतात. एक तर कशावरून तरी बोलाचाली झाल्यावर ग्रुपवर राजीनामा टाकतात. नाहीतर ‘आता तुम्ही बघा’ म्हणून तोंडी सोडतात आणि पुढे दोन वर्षं सगळे फोन त्यांनाच येत राहतात. तुम्ही वॉर्ड जसा सोपवता तसं हे सोपवा: लेखी, समोरासमोर, पेशंटच्या पलंगाशी उभं राहून. आधी पाळकसाहेबांना भेटून तारीख सांगा, कारणं सांगत बसू नका. ‘३१ मार्चनंतर मी सेक्रेटरी नसेन, सभासद असेन’ एवढं वाक्य पुरतं. कारण दिलं की त्याच्यावर तोडगा निघतो आणि तुम्ही परत अडकता. मग जी होणार असेल तिला दोन महिने शेजारी बसवा. पहिल्या महिन्यात तुम्ही करा आणि तिने बघावं, दुसऱ्या महिन्यात तिने करावं आणि तुम्ही बघा. इतिवृत्ताची वही, सभासदांची यादी, वर्गणीचा हिशेब, पासबुक, हॉलची किल्ली हे सगळं यादी करून द्या आणि यादीवर दोघींच्या सह्या घ्या. वर्षाचं वेळापत्रक एका पानावर लिहून द्या: मार्चच्या पहिल्या शुक्रवारचा जागतिक प्रार्थना दिन, त्याच्या पुस्तिका कधी मागवायच्या, हंगामाच्या सणाला कोणाला सांगायचं, नाताळच्या कार्यक्रमाला हॉल किती आधी धरायचा. यातलं निम्मं आज फक्त तुमच्या डोक्यात आहे आणि तुमच्यावाचून अडतं ते म्हणूनच. शेवटी सूचनाफलकावरचा तुमचा नंबर काढून तिचा लावा. पहिले दोन-तीन कार्यक्रम जरा विस्कळीत होतील. मध्ये पडू नका.

‘बाई थंडावल्या’ असं कोणी म्हणेलच. कफर्णहूमात सगळं गाव दाराशी जमलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे येशू एकांतात प्रार्थनेला गेला, तिथे शिष्य धावत आले की सगळे तुला शोधताहेत. तो म्हणाला, चला, दुसऱ्या गावांना जाऊ (मार्क १). शोधणारी माणसं खरी होती आणि त्यांची गरजही खरी होती.

प्रार्थनेचं आता. याच अध्यायात तो पहाटे उठला म्हणून पहाट हाच नियम, असं धरून चालणं फिरत्या ड्यूटीवाल्यांना झेपत नाही. नाईट करून आठला सुटणाऱ्या बाईची पहाटे चारची वेळ वॉर्डातच जाते. घड्याळाऐवजी ड्यूटीला वेळ बांधा: घरातून निघण्यापूर्वी दहा मिनिटं, घरी आल्यावर अंघोळ झाली की वीस मिनिटं. ड्यूटी कोणतीही असो, या दोन वेळा येतातच. वीस मिनिटं पलंगावर बसून नको, खुर्चीवर बसा, आणि तोंडाने पुटपुटत प्रार्थना करा. मनातल्या मनात करणाऱ्याला झोप लवकर गाठते. विनवण्यांची यादी लांब असेल तर सात दिवसांत वाटून टाका. साठ नावं रोज घेण्यापेक्षा नऊ नावं नीट घेतलेली बरी. सकाळच्या ड्यूटीला ५ वं स्तोत्र घ्या. नाईटला निघताना १३४ वं, तीनच ओव्यांचं आहे आणि रात्री परमेश्वराच्या घरात उभं राहून सेवा करणाऱ्यांनाच उद्देशून आहे. सोबत १२१ वं, डुलकी न घेणाऱ्या राखणदाराचं. नाईट संपवून भर दिवसा पडदे ओढून झोपायचं असेल तेव्हा १२७ वं वाचा. आपल्या प्रियजनांना तो झोप देतो, असं त्यात आहे.

वाचनाचंही असंच. वर्षात सगळं बायबल संपवायचं म्हणजे १,१८९ अध्याय, रोज तीन आणि रविवारी पाच. जानेवारीत उत्पत्तीपासून जोरात निघालेली माणसं फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात लेवीयमध्ये अडकतात, पाच-सहा दिवसांची थकबाकी होते आणि पुस्तक मिटतं. तुम्ही या वर्षी फक्त नवा करार घ्या. त्याचे अध्याय २६०. आठवड्यातून पाच दिवस एकेक अध्याय घेतला तर ५२ आठवड्यांत बरोबर संपतो आणि दोन दिवस चुकले तरी थकबाकी होत नाही. हे वाचन छापील पुस्तकावर करा. फोनवर वचन उघडलं की वरून महिला मंडळाचा निरोप टपकतो. आणि सकाळी चार ग्रुपवर वचन पुढे ढकलणं म्हणजे वाचन नव्हे, हे तुम्हालाही माहीत आहे. ग्रुप मूक करा, दिवसातून एकदा, रात्री साडेआठला बघा.

साप्ताहिक सुट्टी मंगळवारी आली म्हणून शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस, हुकला असं मानू नका. रविवारी ड्यूटी असणं हाही अपराध नव्हे, शब्बाथ दिवशी बरं केलं म्हणून येशूवरच आरोप झाले होते. यहूदी रीतीने दिवस सूर्यास्तापासून सूर्यास्तापर्यंत धरा: सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी सहा ते सुट्टीच्या संध्याकाळी सहा. आईचं करणं त्यातही राहणारच. पण फ्रीज साफ करणं, मंडळाचे फोन, राहिलेले कपडे हे त्या चोवीस तासांत नको.

आता आई. तुमच्या पत्रातलं ‘देवाला द्यायचा वेळ आईचं करण्यात जातो’ हे वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, कारण येशूने नेमक्या याच हिशेबाला आक्षेप घेतला आहे. मार्कच्या ७ व्या अध्यायात तो परूश्यांना, म्हणजे कर्मठ यहूदी पंथाच्या लोकांना सुनावतो: तुम्ही माणसाला म्हणू देता की आईबापांना माझ्याकडून जे मिळायचं ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेलं आहे, आणि मग त्याला आईबापांसाठी काही करू देत नाही. देवाच्या नावावर काढून ठेवलेली रक्कम देवाला नको होती, ती आईबापांची होती. तुमच्या २१ तासांना हेच लागू आहे. ते प्रभूच्या खात्यातून गेलेले नाहीत, त्याच्याच खात्यात जमा आहेत. वधस्तंभावर श्वास जड झालेला असताना त्याने आपली आई एका शिष्याकडे सोपवली (योहान १९), तेही आठवा.

चिडचिड मात्र यामुळे आपोआप थांबणार नाही, ती थकव्याची आहे. रविवारी ९ ते १२ आणि आणखी एका दिवशी दोन तास आईजवळ दुसरं माणूस हवंच. हे मंडळाकडे मोकळेपणाने मागा. तुम्ही इतकी वर्षं आजाऱ्यांच्या भेटींचं वेळापत्रक लावलंत, त्यात आपल्या आईचं नाव घालायला संकोचू नका. मुलगा आणि मुलगी यांना ‘मदत करा’ म्हणू नका, वार वाटून द्या.

आईचे आणि तुमचे मिळून जे तास आहेत त्यातला एक भाग उपासनेचा होऊ शकतो. विस्मरणात कालचं जेवण पुसलं जातं, पण लहानपणी पाठ झालेली गीतं पुष्कळदा बरीच उशिरापर्यंत टिकतात. वेणी घालताना रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं भजन जुन्या चालीत सुरू करा. नवी चाल किंवा फोनवरचं वाद्यवृंदाचं गाणं चालणार नाही, तुमचाच आवाज हवा. पहिली ओळ तुम्ही म्हणा आणि थांबा. चार-पाच सेकंद काही होत नाही म्हणून आपण घाईने पुढे म्हणतो, तिथेच चूक होते. दहापर्यंत मोजा. कधी ओठ हलतात, कधी पुढची ओळ अख्खी येते. मग २३ वं स्तोत्र, प्रभूची प्रार्थना आणि आमेन, रोज त्याच क्रमाने. दहा-बारा मिनिटं लागतात. ‘हे कोणाचं गीत आहे, आठवतं का?’ असली परीक्षा घेऊ नका. पाळकसाहेबांना सांगून दोन महिन्यांतून एकदा घरी प्रभूभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) आणवा, सकाळच्या वेळी.

नोकरी. नाही, आत्ता सोडू नका. जवळचं माणूस अचानक गेल्यावर पहिल्या वर्षात असा मोठा निर्णय घेऊ नये, हे एक. दुसरं पैशाचं: पीएफच्या पेन्शन योजनेत ५८ च्या आधी पेन्शन सुरू केलं तर दर वर्षामागे ४ टक्के कपात होते आणि ती कायमची राहते. चार वर्षं आधी म्हणजे त्याच हिशेबाने १६ टक्के, शिवाय सेवेची चार वर्षं कमी. आईची औषधं आणि मुलीचं शिक्षण असताना हा खड्डा लहान नाही. तिसरं, सोडलेल्या नोकरीचे ४८ तास सेवेला मिळतील असं वाटतं, पण ‘तू घरीच आहेस ना’ म्हणत नातेवाईक, बँकेची कामं आणि पाहुणे ते काही महिन्यांत भरून टाकतात. ज्यांचं काम आधी ठरलेलं असतं त्यांचेच तास वाचतात. तरीही मन ओढ घेत असेल तर साठलेल्या रजेतले पंधरा दिवस घ्या, कुठेही जाऊ नका, आणि रिटायर झाल्यासारख्या राहून तीच अर्ध्या तासांची वही भरा. सोळाव्या दिवशी वही नवऱ्यासमोर ठेवून बोला.

आणि रिकाम्या हातांचं. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात क्रम आधी कृपेचा आहे, सत्कृत्यं त्यानंतर येतात. हातात काही दिसलं नाही तर आत घेणार नाहीत, ही भीती सुवार्तेतून आलेली नाही. मत्तयच्या २५ व्या अध्यायात ज्यांना शेवटच्या न्यायाच्या वेळी उजवीकडे घेतलं, त्यांना आपण काय केलं ते आठवतही नव्हतं. त्यात आजाऱ्यांचा समाचार घेणारे होते.

जूनमध्ये गेलेल्या त्या सिस्टरच्या घरी तुम्ही अंत्यविधीनंतर गेला नसाल तर पुढच्या सुट्टीला जाऊन या.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण दिवस मोजायचे म्हटल्यावर टाळता येत नाही. मृत्युपत्र. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे पती किंवा पत्नीला एक तृतीयांश आणि मुलांना दोन तृतीयांश जातं. मुलं असताना आईला काहीच मिळत नाही. म्हणजे तुम्ही आईच्या आधी गेलात तर तिच्या देखभालीसाठी कायद्याने एक रुपयाही बाजूला निघणार नाही. तिच्यासाठी ठरावीक रक्कम आणि ती कोणी खर्च करायची, हे नाव घालून लिहा. साध्या कागदावर चालतं, स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी. दोन साक्षीदार लागतात, आणि इथे घरोघरी चूक होते: ज्याला मृत्युपत्रात काही दिलंय त्याने, किंवा त्याच्या नवऱ्याने वा बायकोने, साक्षीदार म्हणून सही केली तर मृत्युपत्र टिकतं, पण त्याला दिलेलं तेवढं रद्द होतं. तेव्हा नवरा, मुलगा, मुलगी यांच्या सह्या नकोत. मंडळीतल्या दोन जणी घ्या, शक्यतो तुमच्यापेक्षा वयाने लहान. पीएफचं नामनिर्देशन नोकरीला लागताना भरलेलंच असेल तर तेही याच आठवड्यात ऑफिसातून तपासून घ्या, आणि मूळ कागद कोणत्या कपाटात ठेवलाय ते मुलीला दाखवून ठेवा.